पाण्याच्या वाटेनं

पिकोच्या डोंगरानं ढगाची टोपी घातली होती,
म्हणजे संध्याकाळी वारा येणार.
दुपारी मात्र शीड ओल्या चादरीसारखं लोंबत होतं
आणि 'कागार्रो'च्या इंजिनानं भोंगा लावला होता.
एवारिस्तूनं ते बंद केलं.
त्याआधीच मी मागच्या कठड्यावरून वाकून पाहिलेलं:
एक्झॉस्ट नुसता धूर सोडतोय,
पाणी थुंकत नाही.

बाबांची चौकटीची वही नकाशांखाली असते.
डिझेलचा वास पानांत मुरलेला.
बोटीची सगळी दुखणी तिच्यात,
औषधासकट, आणि बोलणी खाल्ल्यासारखी वाचावी लागतात:

"इंजिन चालू होत नाही. आधी बॅटरीचा खटका बघ.
मग बाकीच्यांना शिव्या दे."
"दिवा मिणमिणतो. दिव्याला कशाला मारतोस?
तारेचं टोक हिरवं पडलंय, घासून काढ."
"नांगराची मोटर रुसली. हातानं ओढ.
पाठ धरली की मोटरला तेल द्यायची आठवण राहते."
आणि "इंजिन तापतं" याखाली, दोनदा अधोरेखित:
"पाण्याच्या वाटेनं चाल.
समुद्रापासून निघ. वाटेतलं एकही दार
ठोठावल्याशिवाय पुढे जाऊ नकोस."

निघालो.
झडप उघडी होती.
गाळणीत मूठभर शेवाळ, ते काही एवढं नव्हे.
पंपाच्या झाकणाचे सहा स्क्रू; एक घरंगळून तळाच्या पाण्यात गेला
आणि माझा भाऊ सकाळपासून पहिल्यांदा
"दोर सोड", "दोर ओढ" याखेरीज काहीतरी बोलला.
इथे ते लिहीत नाही.

आईचं घर त्यानं विकलं. सही मीही केली.
सप्टेंबरपासून आम्ही बोटीपुरतं बोलतो.

झाकणाआड रबराचं काळं फूल,
सहा पाकळ्यांपैकी चार उरलेल्या.
नवं फूल बिस्किटांच्या डब्यात तयार होतं.
"बसव," तो म्हणाला, "आणि चल.
वेलशला पोचायचंय उजेडात."
मी वही त्याच्या नाकापुढे धरली:

"तुटलेली पाती मोज. सगळी हाताला लागेपर्यंत
नवं बसवू नकोस.
तुटलं ते गेलं असं नसतं.
ते पुढे कुठेतरी अडून बसतं
आणि पाणी येऊ देत नाही."

त्यानं वाचलं. बराच वेळ वाचलं, तीन ओळींना लागावा त्याहून.
मग टॉर्च दातांत धरली.

बोट वाहत होती. साव जोर्जचा कडा
इतका जवळ आला की वरच्या गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या.
पहिलं पातं नळीच्या वळणावर, अंडी उलटायच्या चिमट्यानं निघालं.
दुसऱ्यासाठी थंड करायच्या नळकांड्याचं टोक उघडलं,
मी केसातला आकडा सरळ करून दिला
आणि तो आत बोटभर खुपसून,
श्वास रोखून, कानातला मळ काढावा तसा हलवत राहिला.
निघालं.
आणि त्याच्या मागून आणखी एक.

दोन हवी होती. तीन झाली.
तिसरं लाकडासारखं कडक, कडा झिजलेल्या,
आमच्या फुलाचं नव्हेच.
कुठल्या वर्षाचं कोण जाणे.
एवारिस्तूनं ते तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं.
"म्हातारा!" तो म्हणाला,
"मोजून झालं नव्हतं त्याचं.
तसंच बसवलं, आणि घरी येऊन हे लिहिलं."

मी हसले तेव्हा पाना पायावर पडला.
तोही हसला, टॉर्च तोंडातच, लाळ गळत,
इंजिनाच्या खोलीत उजेड नाचत राहिला.

नवं फूल ग्लिसरीन लावून बसवलं. पाच स्क्रूंवर.
एक्झॉस्टनं दोनदा खोकून
पाणी थुंकलं, आणि आम्ही दोघं
कठड्यावर ओणवून ते बघत बसलो,
कड्यापासून लांब जाईपर्यंत.

वारा आला तो अंधारल्यावरच.
इंजिन बंद केलं. कागार्रो पक्षी
बाळासारखे रडत पाण्यावरून गेले.
सुकाणूवर तो होता. म्हणाला,
"किल्ली अजून माझ्याकडेच आहे, देओलिंदा.
मागच्या दाराची. नव्या लोकांनी मागितली नाही."
मी काहीच म्हटलं नाही.
वहीत त्या पानाखाली जागा होती,
पेन्सिल शोधत होते.