ओळख पटेना

वीज नदीत पडली नाही, तारेत पडली.
ओनीच्या जलमापन केंद्रातलं नेटवर्क कार्ड
एका फट् आवाजात गेलं. त्सिउरी सांगते,
त्या रात्रीपासून खोलीला करपल्या लसणाचा वास येतो.

मी कुताइसीहून मिनीबसने आलो. मांडीवर खोका,
खोक्यात सतरा जुनी कार्डं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"नवा कॉम्प्युटर का नाही घेत?" मिनीबसवाल्याने विचारलं.
घेतील हो. पण रिओनीची पातळी मोजणारी जी पट्टी
या यंत्राच्या पोटात बसवली आहे, काळी, हातभर लांब,
तिच्या मापाची खाच आता कुणी ठेवत नाही.
म्हणून हाच म्हातारा. सत्त्याण्णवचा.
माझ्यापेक्षा कमी खोकतो.

कार्ड बसवलं. बटण दाबलं.
पिवळं उद्गारचिन्ह.
अनोळखी उपकरण, म्हणे.
अरे, दारात पाहुणा उभा आहे, हातात पिशवी,
नाव सांगतोय, गाव सांगतोय,
आणि तू आतून विचारतोस, कोण?

ड्रायव्हर हवा. तो नेटवर मिळतो.
नेट येतं कार्डातून. कार्डाला हवा ड्रायव्हर.
किल्ली घरात विसरून दार ओढून घेतलं की
माणूस जसा पायरीवर बसतो
तसा मी बसलो.

सीडी होती, पण ट्रे उघडेना.
त्सिउरीने केसांतली पिन दिली,
बारक्या भोकात खुपसली, तेव्हा कुठे जीभ बाहेर काढली त्याने.
सीडीवर सात सिस्टिमचे ड्रायव्हर. आमची सोडून.

दर तीन तासांनी ती गमबूट चढवते,
खाली उतरून काठावरची खूण वाचते,
वहीत लिहिते, मग कुताइसीला फोन:
"दोनशे चौदा. गढूळ."

दुपारी तिचाच चष्मा घेऊन
चिपवरचा नंबर वाचला. शेवटी तीन की आठ?
घासून गेलेलं. मी तीन धरलं.
पडदा निळा झाला,
आणि दोन तास निळाच राहिला म्हणायचा:
सुरू, बंद, सेफ मोड, काढा, पुन्हा घाला.
त्सिउरीने राजमा भरलेली रोटी पुढे केली,
मी तेलकट बोटांनी हात लावीन म्हणून
पहिला घास स्वतःच मोडून दिला.

"बिदझिना असता तर," ती म्हणाली, आणि कपाटाकडे गेली.
तिसऱ्या खणात, पावत्यांखाली, एक फ्लॉपी.
त्याच्या अक्षरात एवढंच: फेकू नये.
ड्राइव्ह कण्हला, कुरकुरला, थांबला,
मला वाटलं संपलं,
मग परत कुरकुरला.
आठच होतं ते.

तरी गाडी अडली. साउंड कार्ड आणि आमचं कार्ड,
दोघांनाही अकरा नंबरच हवा.
एका म्यानात दोन तलवारी.
"हे काढून टाकतो," मी म्हणालो, "इथे गाणी कोण ऐकतं?"
ती काही बोलली नाही.
टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर
कुणीतरी कापडाचं झाकण शिवून घातलं होतं, हिरव्या दोऱ्याने.
मी साउंड कार्डाला हात लावला नाही.
आमचं कार्ड उपसलं, त्याचे सोनेरी दात
शाळकरी खोडरबराने घासले,
आणि खालच्या खाचेत, भिंतीकडे, बसवलं.

हिरवा दिवा.
कुताइसीला चार हाका दिल्या.
पहिली वाटेत हरवली, तीन परत आल्या.
एक स्क्रू उरला. नेहमी उरतो.

सहाला आकडा आपोआप गेला. तरी फोन वाजला.
"आला हो आकडा," पलीकडची पोरगी म्हणाली,
"दोनशे एकोणीस. पण रंग?"
यंत्र रंग कधीच कळवत नव्हतं,
हे त्या दोघींना माहीत होतं, मला नव्हतं.
त्सिउरीने गमबूट चढवले.
शेवटची मिनीबस गेलेली.
मी तिच्या मागोमाग, टॉर्च घेऊन, खाली उतरलो.