ठराव क्रमांक चार

मंगल कार्यालयात नऊशे हात वर झाले.
माझ्या बापाचाही झाला, कोपरापर्यंत.
घरी येऊन म्हणाला,
'सारेच करी राह्यले होते, मंग मी बी केला.'

ठराव क्रमांक चार :
मुलींना बारावीनंतर बाहेरगावी ठेवू नये,
मोबाइल आईच्या ताब्यात असावा,
पसंती-नापसंती वडीलधाऱ्यांवर सोपवावी.
सूचक : खेमचंद.
अनुमोदनाला तर रांग लागली होती.

याच खेमचंदने
फैजपूरच्या कॉलेजला वादविवादाची ढाल आणून दिली.
विषय : मुलीचा होकार.
बाजू अनुकूल.
माझा स्पर्धा परीक्षेचा फॉर्मही त्यानेच भरला,
फोटोला डिंक लावताना म्हणाला,
तू सावद्यात अडकू नकोस.

मग एका मार्चात, एस.टी. स्टँडवर,
उसाच्या रसाचे दोन ग्लास मधे असताना
त्याने विचारलं.
मी म्हणाले, तू चांगला आहेस, खेमचंद. पण नाही.
जात एकच होती. दुसरं कुणी नव्हतं.
कारण असतं तर दिलं असतं,
त्यालाही भांडायला काही मिळालं असतं.
रसाचे पैसे त्यानेच दिले,
सुट्टे घ्यायला थांबला नाही.

मी केळीच्या रायपनिंग चेंबरवर हिशेब लिहिते.
हिरवे घड आत जातात, दार लागतं, गॅस सुटतो,
चौथ्या दिवशी सगळा माल एका रंगाचा.
कुणाची बाग, कुणाचं पाणी, काही ओळखू येत नाही.
त्या नऊशे हातांमध्ये
किती जणांनी असाच एखादा कच्चा नकार
दार लावून ठेवला असेल,
आणि बाहेर काढताना त्यावर
संस्कृती असं लेबल मारलं असेल?

खोटं कशाला बोलू, मीही पिकले थोडी.
आता कुणी बायकांच्या बाजूने गोड बोललं
की अंगठ्याने दाबून बघते.
एक-दोन बरी माणसं
माझ्या अंगठ्यानेच काळी पडली.

काल शेजारची डिंपल रडत आली.
आत्या, पप्पांनी पुण्याचं ॲडमिशन रद्द केलं.
कोण हा खेमचंद?
मी त्याचं काय केलं?

तिला घेऊन स्टँडवर गेले,
दोन ग्लास रस सांगितला.
कुठून सुरुवात करावी कळेना.
रसवाल्याने लिंबू टाकून चिपाड दुमडलं,
पुन्हा चरकात घातलं,
विचारलं, बर्फ टाकू?

नाही, म्हणाले मी,
आणि आजूबाजूला बघितलं.