शंभर मिलिलिटरला

भोसरीच्या प्रयोगशाळेत डबे येतात थर्माकोलच्या पेटीतून,
पेरू-मिरची, कोकम-जिन, आणि एक
नुसतंच 'संध्याकाळ' नावाचं, केशरी.
मी आधी त्यांचा फेस मारते,
या चंचुपात्रातून त्या चंचुपात्रात, परत पहिल्यात,
टपरीवरचा चहा गार करतात तसं.
फसफसत्या गोष्टीचं वजन खरं येत नाही.

मग ऊर्ध्वपातन.
दारू वर जाते, गार नळीतून थेंब थेंब उतरते.
खाली उरतं रंगीत पाणी,
गॅदरिंगच्या सरबतासारखं,
आणि मला दरवेळी वाटतं, आता हे दोघे
परत एकमेकांशी बोलणार नाहीत.

प्रथिने शून्य. स्निग्ध पदार्थ शून्य. तंतू शून्य.
तौफिक शिक्का मारता मारता म्हणतो,
"मॅडम, धान्य नाही, कांदा-लसूण नाही,
तुमच्या संकष्टीला चालेल की हे."
मी हसते, आणि लिहिते:
साखर नऊ पूर्णांक दोन.
शंभर मिलिलिटरला.
डबा तीनशे तीसचा.

सातवीत खैरनारबाई त्रैराशिक घालायच्या,
शंभर आंब्यांना इतके, तर तीनशे तीस आंब्यांना किती?
वर्गात उत्तर सगळ्यांचं यायचं.
आंबे कुणी पाहिले नाहीत.

तीस ग्रॅम. सपाट सात चमचे,
आणि वर बोटाला चिकटेल तेवढी.

निनाद पोकळे स्वतः आला अहवाल न्यायला,
धायरीचा, वडिलांच्या जमिनीवर आता त्याचं गोदाम.
म्हणाला, दारूच्या डब्यावर पोषणतक्ता नसतोच मॅडम,
फक्त उष्मांक छापतो. पासष्ट.
शंभर मिलिलिटरला.
बाजूला एक पीस काढलंय, पांढरं,
बघा, किती हलकं वाटतं.
खोटं काहीच नव्हतं. मी सही केली.
घरी येताना बसमध्ये तोंडी गुणाकार झाला,
दोनशे चौदा:
वेताळ टेकडी एकदा चढून, उतरून,
खाली कुणाचाही गव्हांकुराचा रस न पिता
सरळ घरी.

सोमवारी वारज्याला, आमच्या सोसायटीत,
शेवंताबाई अडागळे सुका कचरा न्यायला येतात.
सोमवारी त्यांचं पोतं वाजतं.
डबा आडवा, टाच वर, एकच आवाज.
मी हातात दुधाची पिशवी घेऊन उभी.
"ताई, तुमच्या हापिसात हेच तपासतात ना? काय असतं यात?"
साखर, म्हटलं.
"अन्?"
पाणी. थोडी दारू.
"त्येच म्हनलं, मुंग्या कशापायी चावत्यात.
पोरं अर्धं ठेवून फेकत्यात. आधी ओतावं लागतं,
न्हाईतर तराजूवाला वलं म्हणून कापतो."

सत्तर डब्यांचा किलो.
पण तराजू त्याचा, म्हणून पंचाहत्तर धरायचे.
त्या हे चालता चालता सांगतात, कागदाशिवाय,
आणि मला खैरनारबाई आठवतात,
की यांना त्यांनी कधी फळ्याजवळ बोलावलं असतं तर.
किलोत काय येतं, मी विचारलं.
"जवारी. दोन किलो, बरी असली तर."

ज्वारीचं मला पाठ आहे.
प्रथिने दहा. लोह चार. तंतू भरपूर.
ज्वारीवर पीस कुणी काढत नाही.
मी हे काही बोलले नाही,
सकाळी साडेसातला बोलायची ही गोष्ट नव्हे,
आणि त्यांना अजून दोन इमारती होत्या.

शेवटचा डबा केशरी निघाला.
त्यांनी तो जास्वंदीच्या बुडाशी उलटा धरला,
हलवला, तळाचं सांडलं.
मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
मुंग्या आल्या.
आधी दोन. मग फरशीच्या फटीतून रांगच.
मी घड्याळ पाहिलं,
सवयीनं.