नऊ नंबरचा काटा

त्रिएस्तच्या जुन्या बंदरात नऊ नंबरचं गोदाम
चाळीस वर्षं बंद होतं. जहाजं गेली, कॉफी गेली,
तुळयांत मुरलेला वास तेवढा गेला नाही.
आता दर शनिवारी आम्ही तिथे टेबलं मांडतो:
वापरलेले कोट, जोडी फुटलेले कप, सायकलींची चाकं,
आणि दाराशी मी, दुरुस्तीची वही घेऊन.
वस्तू. बिघाड. आणणाऱ्याचं नाव.
चौथा रकाना रिकामा सोडते,
बरं झालं का, हे सांगायला लोक
परत येतातच असं नाही.

बोरा वारा सुटला की दिवस छत्र्यांचा.
येर्नेय नावाचा एक पोरगा
कचऱ्याच्या डब्यांतून काढलेल्या तीन घेऊन आला,
काड्या बाहेर, मेलेल्या वटवाघळांसारख्या.
"तुझ्या?"
"आता माझ्या."

जमिनीत बसवलेला वजनकाटा मात्र
कुणी आणला नव्हता. तो इथलाच.
भंगारवाल्याने भाव सांगितला,
सभेत हात वर झाले,
नेविया फुर्लानिचचा तेवढा मांडीवर राहिला.
जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेली बाई.
"आधी उघडून बघू," म्हणाली.
माणसांबद्दलही ती हेच म्हणते.

फळ्या उचलल्या. खाली वीतभर धूळ,
एक शिटी, आणि ओंजळभर कच्ची कॉफी,
दगड झालेली.
चार शनिवार ती पोटावर पडून होती,
रॉकेलने तरफा धूत, गंजाशी हुज्जत घालत.
पाचव्या शनिवारी तिने वीस किलोचं माप ठेवलं.
काटा साडेअठरावर थांबला.
पुन्हा ठेवलं.
साडेअठरा.

तेव्हा रेडिओ घेऊन रांगेत उभा असलेला एजिदियो
रांग सोडून पुढे आला.
वय पंच्याऐंशी, टोपी हातात.
"डावी तरफ," म्हणाला. "मागून चाचपून बघ. शिसं आहे."

इतकं नेमकं कुणाला ठाऊक असतं?

नेवियाने खांद्यापर्यंत हात घातला.
आगपेटीएवढा तुकडा, दोन स्क्रूंनी आवळलेला.
हमालांना पैसे किलोमागे मिळत.
दर पोत्याला दीड किलो.
काटा मारणं म्हणतात ते असं हातात धरता येतं,
हे मला माहीत नव्हतं.
नेवियाचे वडील बावीस वर्षं
याच दारातून पाठीवर पोती वाहत होते.
मी मनात गुणाकार सुरू केला
आणि अर्ध्यात सोडला.

"मालकाने सांगितलं होतं," एजिदियो म्हणाला.
मग थोड्या वेळाने:
"सांगितलं त्याने. बसवलं मी."

शिवणयंत्रं थांबली.
बाहेर वारा कुठलासा पत्रा बडवत राहिला.
नेवियाने तो तुकडा तळहातावर तोलला,
या हातावरून त्या हातावर घेतला.
"स्क्रू नीट बसवलेत," म्हणाली.
"आटे अजून शाबूत आहेत."
हे कौतुक होतं की काय होतं,
मला अजून कळलेलं नाही.

मग तिने माप पुन्हा ठेवलं.
वीस.

एजिदियोने माझ्याकडून वही मागून घेतली.
रेडिओच्या ओळीखाली, हात कापत असून
कारकुनी वळण न सोडता लिहिलं: वजनकाटा.
बिघाडाच्या रकान्यात स्वतःचं नाव.
नावाच्या रकान्यात पुन्हा तेच.
मी खोडलं नाही.

रेडिओ न्यायला तो आलेला नाही.
नेवियाने कधीच नीट केलाय,
हवामानाच्या बातम्यांपुरता लावते, मग बंद.
शिसं तिच्या खिशात असतं की समुद्रात,
विचारायची हिंमत होत नाही.

येर्नेय काट्यावर चढतो,
आधी छत्र्यांसकट, मग छत्र्या खाली ठेवून.
वजाबाकी करतो बोटांवर
आणि मला म्हणतो, लिही.
कुठल्या रकान्यात, ते सांगत नाही.