देखरेखीखाली

माझ्या कार्डावर, फोटोच्या खाली,
बारीक अक्षरात छापलंय: देखरेखीखाली.
फोटोतली मी जराशी दचकलेली दिसते,
मागे कुणी येऊन उभं राहिल्यासारखी.

दोंडाईचा. मिरची मार्केटच्या मागच्या गल्लीत
पाइपच्या दुकानावर दोन खोल्या.
समांतर दांड्या, एक आरसा, मेणाचं भांडं,
आणि लाकडाच्या तीन पायऱ्या,
ज्या कुठेच जात नाहीत.
खैरनार मॅडम धुळ्याहून येतात
मंगळवारी आणि शुक्रवारी.
उरलेले दिवस माझे,
म्हणजे त्यांनी लिहून ठेवलेले.

झुलाल आबांची डावी बाजू
आखाजीच्या आदल्या दिवशी गेली.
चाळीस वर्षं तोलकाट्यापाशी उभा राहिलेला माणूस,
आता स्वतःच खाली गेलेलं पारडं.
अजून सकाळी मुलगा त्यांना पोत्यांपाशी बसवतो,
उजव्या हाताने मूठभर मिरची उचलून
ओली का सुकी ते सांगतात,
आणि तोच हात घेऊन दहा वाजता माझ्याकडे येतात.

फाइलमध्ये लिहिलंय: दांड्यांमध्ये दहा पावलं.
त्याखाली दोन रेघा ओढून: पायऱ्या नाहीत.

बुधवारी सातव्या पावलाला
त्यांच्या गुडघ्यानं वजन घेतलं.
माझ्या तळहाताला कळलं,
पीठ मळताना कळतं ना, आता पाणी नको, तसं.
त्यांनाही कळलं. पायऱ्यांकडे पाहिलं त्यांनी.
मी म्हटलं, शुक्रवारी.
"तुना हातले समजनं ना, पोरी?
मंग सही कसाले जोयजे?"

हा प्रश्न परीक्षेत होता, पाच मार्कांचा,
सहाय्यकाने काय काय करू नये.
मी ओळीने लिहिलं होतं:
तपासणी करू नये, निदान करू नये,
उपचार आपल्या मनाने बदलू नये.
कळू नये, असं त्यात कुठे नव्हतं.

आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं.
दहा पावलं मोजली, तीही भिंतीकडे बघत.

शुक्रवारी मॅडमची एसटी चिमठाण्याला बंद पडली.
फोनवर मागे कोंबडीवाल्याशी कुणाचं तरी भांडण चाललेलं.
"घे गं करून पायऱ्या. तुला जमतं सगळं.
मंगळवारी सही करते, तारीख आजची टाकू."

तुला जमतं सगळं.
हे ऐकायला मी तीन वर्षं थांबले होते,
आणि ऐकलं तेव्हा मला सुनंदा आठवली, शहाद्याची,
माझ्या बाकावरची.
पेशंट तिच्या अंगावर पडला, कंबर मोडली त्याची,
आणि रकान्यात सही नव्हती.
चौकशीत पहिल्यांदा तिचं पूर्ण नाव घेतलं कुणीतरी,
वडलांच्या नावासकट.
आता शिवणकाम करते.

मी म्हटलं, मॅडम, मंगळवारीच करू.
पलीकडे थोडा वेळ नुसतं भांडण ऐकू आलं.
"बरं," म्हणाल्या.
आबांना सांगितलं तर त्यांनी काठी आपटली,
"कागदनी भीक लागनी शे तुले," म्हणाले
आणि जिन्यावरून मुलाच्या पाठीवर गेले.
खरा जिना, सतरा पायऱ्या.
त्याबद्दल फाइलमध्ये काहीच नाही.

मंगळवारी मॅडमनी पोटरी दाबून पाहिली, दोन्ही पायांची,
गुडघा वाकवला, बराच वेळ बोलल्या नाहीत.
मी नसतं पाहिलं ते. शिकवलंच नाही आम्हाला.
मग लिहिलं: पायरी एक.

उजवा हात माझ्या खांद्यावर,
डावा पाय दांडक्यासारखा ओढत
आबा चढले.
नऊ इंच उंच झाले आणि खाली बघितलं आमच्याकडे,
मी, मॅडम, टेबलावरचं रजिस्टर,
काट्यावर ठेवलेला माल बघावा तसं.
क्षणभर आम्ही सगळेच त्यांच्या देखरेखीखाली.
"वजन बराबर शे," म्हणाले.
कुणाचं, ते सांगितलं नाही.

सही झाली. तारीख मंगळवारचीच.
रकान्यात माझं नाव येत नाही, आद्याक्षरं येतात.

रात्री ओढणीशी खेळता खेळता डोळा चोळला
आणि ताडकन उठून बसले.
खांद्यावर त्यांचा हात होता त्या जागी,
मिरची.
मी हात मात्र दोनदा धुतले होते, साबणाने.