क्लचची तार

सकाळी करंगळीशेजारचं बोट मुडपून बसलेलं असतं.
डाव्या हाताने सोडवतो.
टक्क.
चुलीपाशी बायको म्हणते, "उठलं वाटतं."

सावर्ड्याच्या पुलाजवळ खनिजाच्या ट्रकखाली
जॅकचा दांडा सटकून तळहातावर बसला होता.
रक्त नाही. एक्स-रेत हाड जिथल्या तिथं.
हळद थापली, दुसऱ्या दिवशी
कुडचड्याच्या गॅरेजात चार स्कूटर उघडल्या.

सूज उतरली, मग हे सुरू झालं.
पाना धरला की बोट पाना सोडत नाही.
सुटे पैसे देताना नाणी माझ्याच मुठीत,
आणि आग्नेलो पोदेर हसतो,
"मेस्ता, जीव जात नाही न्हू पैशांतून?"

शाणूमामा म्हणाले, वात.
आग्नेलोची आई म्हणाली, सायबिणीला मेणाचं बोट वाहा.
फेस्ताच्या फेरीत विचारलं,
मेणाचा अख्खा हात होता, पाय होता, घरसुद्धा होतं.
सुटं बोट नव्हतं.

मडगावच्या डॉक्टर फिलोमेनांनी एक्स-रे बाजूला सारला,
तळहातात, बोटाच्या मुळाशी अंगठा टेकवला.
"मिटा. उघडा. परत."
अंगठ्याखालून वाटाण्याएवढं काही सरकलं,
अडलं,
सरकलं.
"साखर किती?"
"चहात दोन चमचे."
हसल्या नाहीत. रक्त काढायला पाठवलं.

मग चिठ्ठीच्या पाठीमागे बोट काढून दाखवलं:
आतली दोरी, तिच्यावरची कडी, दोरीवर आलेली गाठ.
"बाई, ही तर क्लचची तार!
तंतू फुगले की नळीत अडकते.
आम्ही तार बदलतो."
"मी नाही बदलत," त्या म्हणाल्या,
"नळीचं तोंड मोकळं करते. पण आधी सुई."

सुईने पाच आठवडे काढले. रात्री पट्टी बांधून निजलो.
सहाव्या आठवड्यात पुन्हा टक्क.

टेबलावर हात बधिर, मी जागा.
हिरव्या कापडापलीकडे कुणा गिऱ्हाइकाची गाडी उघडलेली,
आणि मला बघायची मनाई.
"मिटा," आवाज आला. "उघडा."
मिटलं. उघडलं.
मी कान देऊन ऐकलं. काहीच वाजलं नाही.

टाके निघून महिना झाला.
व्रण हातावरच्या रेषांत मिसळून गेलाय,
फक्त ब्रेक आवळताना दुखतो थोडा.
पण अजून सकाळी, डोळे उघडायच्या आत,
डावा हात अंथरुणातून उजव्याकडे जातो
आणि उघड्या बोटापाशी पोचून
थांबतो, आगाऊ आलेल्या पाहुण्यासारखा.