मेसच्या मागच्या खोलीत, लातूर

तेलाचा डबा पुन्हा वाढला, शमशाद म्हणली,
लाटणं थांबलं नाही.
खोलीभाडं, गॅस, टँकरचे सहाशे...
मोजता मोजता बोटांची पेरं संपली.

कौसाबाई म्हणली, मला नॉर्वे बघायचाय.
तिथं उन्हाळ्यात म्हणं दिवस मावळतच नाही.
कुण्या पोरानं इसरलेल्या
भूगोलाच्या पुस्तकात हाय.

"मावळत नाही?
मग रातचे डबे कवा भरायचे?"

दोघी इतक्या हसल्या
की तव्यावरली करपली.
ती बाजूला ठेवली,
आपल्या वाट्याची.

"अन् तू गं?"
शमशादनं औसा रोडकडं पाहिलं,
हाताचं पीठ झटकलं.
"जिथं पोळ्या मोजत नसतील, तिथं.
लांब असलं तरी चालंल.
तिकिटाचं आत्ताच सांगू नको,
अजून एकशेचाळीस व्हायच्यात."